मी उपाशी झोपल्याचं लिहिलं, त्याबद्दल

आमच्या वाडीत कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. मुलगे-मुली सगळे धरून पहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याच्या मुळाशी माझी हीच ऐट आहे आणि ती झाकून काही उपयोग नाही.

वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. एस.टी. खालच्या फाट्यापर्यंत येते, पुढे अर्धा तास चढ. बाबा मुंबईला एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होते. मी चौथीत असताना ते तिकडेच वारले. मागे राहिलो आई, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान भाऊ. आईला अक्षर येत नव्हतं. थोडं भात, डोंगरउतारावर नाचणी, आणि उरलेल्या दिवसांत कुड्याच्या पानांच्या पत्रावळी लावून पोलादपूरला लग्नकार्यासाठी द्यायच्या, एवढ्यावर तिनं आम्हाला वाढवलं. बारावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा भावकीतली माणसं ओटीवर येऊन बसली, आता पोरीचं लगीन उरकून टाक म्हणाली. आई म्हणाली, "लगीन काय पलून जातंय? कॉलेज पलून जाईल." माणसं चहा पिऊन गेली.

महाडच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र घेतलं. तिथल्या ग्रंथालयात विज्ञानाची जाड पुस्तकं जागेवर बसूनच वाचावी लागत. शेजारच्या कपाटातली चरित्रं, आत्मचरित्रं मात्र घरी न्यायला मिळत. मी आत्मचरित्रं वाचायला लागले त्याचं कारण एवढंच. पण लागले ती सुटले नाही. एस.टी.त वाचायची, फाट्यावर गाडीची वाट बघत वाचायची. कुणी वार लावून जेवलेलं, कुणी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेला, कुणाच्या आईनं पोरांना पाणी पाजून निजवलेलं. मला वाटायचं, ही आपली माणसं. यांच्याही घरात आधी कुणी शिकलेलं नव्हतं. यांचं पुस्तक झालं, तसं आपलंही एक दिवस होईल.

संध्याकाळी आई पडवीत पत्रावळी लावत बसे, तेव्हा मी तिला त्यातलं वाचून दाखवायची. तिचे हात चालू असत आणि कानही. पण ती नुसतं ऐकणारी नव्हती. एकदा अशाच एका पुस्तकातला पोरांना पाणी पाजून निजवल्याचा प्रसंग मी रंगात येऊन वाचत होते. तिनं काडी दातात धरली आणि हातानं मला थांबवलं.

"पोरं रडतात नि ही बाई नुसती पदरानं डोले पुसते?"

"आये, त्यांच्या घरात काहीच नव्हतं."

"काय नव्हतं म्हंजे? पावसाचे दिस ना? टाकल्याची भाजी उगवली नसंल? ओढ्यात चिंबोरी नसंल?"

"ते शहरात राहायचे."

"मंग शेजार तरी असंल का नाय? माणसांतच राहत होते ना?" तिनं काडी पानात खोवली. "ह्या लिवणाऱ्यानं आपल्या आयेला काय इचारलेलं नाय. आपलाच रडतोय."

मी हसले. मनात म्हटलं, हिला काय कळतंय पुस्तकातलं. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते.

आईचा एक नेम होता. रात्री सगळे जेवले की भाकरीच्या टोपलीत चतकोर का होईना, तुकडा ठेवायचा आणि फडक्यानं झाकायचा. टोपली रिकामी झोपवायची नाही. आमच्याकडे बऱ्याच घरांत हे पाळतात, पण ती फारच काटेकोर होती. कधी आम्ही मागितला तरी तो चतकोर ती देत नसे. "तो घराचा हाय," म्हणायची. सकाळी तोच मोडून आम्हा दोघांना चहाबरोबर द्यायची. बाकी कशाचा तिला गर्व नव्हता. साडी फाटकी असली तर असो. पण बाबा गेल्यानंतर एकही रात्र टोपली रिकामी झोपली नाही, हे ती कुणालाही, विषय असो नसो, ऐकवायची. मला त्याची लाज वाटायची. चतकोर भाकरीचं काय सांगत बसायचं!

पदवी झाली आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कंपनीत मी प्रयोगशाळेत लागले. बिरवाडीत खोली घेतली. भाऊ मुंबईला गेला. आई वाडीतच राहिली; शेजारच्या दारात माझी चुलती होती, तिची सोबत. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, की काट्यावर जे दिसेल तेच वहीत लिहायचं. आपल्याला काय दिसायला हवं होतं ते लिहायचं नाही. चुकलं तर गिरवायचं नाही, पांढरं लावायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. नव्या मुलींना आता हे मीच शिकवते, आणि माझ्या वह्यांकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत झालेली नाही.

आमच्या वाडीचं मुंबईत मंडळ आहे. दर मे महिन्यात चाकरमानी गावी आले की देवळासमोर सत्यनारायणाची पूजा होते, सत्कार होतात. चार वर्षांपूर्वी मंडळानं स्मरणिका काढायची ठरवली. मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"ताई, वाडीतल्या पहिल्या ग्रॅज्युएट तुम्ही. तुमचा जीवनप्रवास पाहिजे. दोन पानं. नवीन पिढीला प्रेरणा मिळाली पाहिजे. आणि काय आहे, थोडा इमोशनल टाका."

मला ते फार आवडलं. वाटलं, आता आपली पाळी आली.

पहिल्यांदा लिहिलं ते सरळ लिहिलं. वाचून बघितलं तर त्यात काहीच नव्हतं. एक बाई पत्रावळी लावते, पोरं जेवतात, शाळेत जातात, पोरगी पास होते. कुणाच्या डोळ्यात पाणी येणार यानं? मी वाचलेल्या एकाही पुस्तकात असं काही नव्हतं. तिथं भूक होती. मग मी आठवायला बसले आणि मला पाचवीतली एक पावसाळी सांज आठवली. ओढ्याला चार दिवस पाणी होतं, पलीकडे जायची सोय नव्हती. त्या सांजेला मी पोटात काही न घेता झोपले होते, हे मला पक्कं आठवत होतं. भिंतीकडे तोंड केलेलं आठवत होतं. पोटातली ती ओढ आठवत होती.

मी लिहिलं: "त्या दिवशी टोपलीत भाकरीचा तुकडाही नव्हता. आईनं आम्हा भावंडांना तांब्याभर पाणी पाजलं आणि आम्ही उपाशी झोपलो. त्या अंधारात मी मनाशी ठरवलं, शिकायचं."

असलं काही मी पाचवीत ठरवलेलं नव्हतं. तांब्याही माझ्या पदरचा. पण ती ओळ लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणजे ते खरंच असणार असं मला वाटलं. आईला फोन करून विचारावं हे डोक्यातही आलं नाही.

पूजेच्या दिवशी देवळासमोर मांडव होता. सत्कार माझा आणि माझ्याबरोबर आईचाही. तिला साडी-चोळी दिली, नारळ दिला. ती पुढच्या रांगेत सतरंजीवर बसली होती, नारळ मांडीवर दोन्ही हातांनी धरून. शेजारी काकी, म्हणजे माझी चुलती. शाळेतल्या गुरुजींनी स्मरणिका उघडली आणि माझा लेख भोंग्यावर वाचायला घेतला. गुरुजींचा आवाज चांगला, थांबत थांबत वाचायचे. मी आईकडेच बघत होते. तिला अभिमान वाटलेला मला बघायचा होता.

'टोपलीत भाकरीचा तुकडाही नव्हता' इथं तिनं मान वर केली. गुरुजींकडे बघितलं, मग वर, ज्या खांबाला भोंगा बांधला होता तिकडे. 'तांब्याभर पाणी पाजलं' इथं बायकांमधून चुकचुकणं ऐकू आलं. एक-दोघींनी डोळ्यांना पदर लावला. मुंबईच्या एका पाहुण्यांनी चष्मा काढला. काकी आईकडे वळून म्हणाली, आणि भोंग्याचा आवाज थांबला असल्यानं ते सगळ्यांना ऐकू गेलं:

"आमी शेजारी मेलो होतो काय गो? एक हाक मारली असतीस तर तपेलंभर पेज आणून घातली असती पोरांना. एवढा राग आमचा?"

 टाळ्या झाल्या. मला शाल घातली. मी भाषणही केलं.

घरी येताना ती पुढे चालत होती. नव्या साडीची घडी काखेत. मला वाटलं, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिरवाडीला निघायच्या तयारीत होते. ती चुलीपाशी होती. पाठ माझ्याकडे.

"मी तुला एक दिस तरी उपाशी ठेवलं काय गो?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं, मीही भांडले असते.

"आये, लिहिताना तसं लिहावं लागतं."

"कोन सांगतं?"

"पुस्तकांत तसंच असतं. लोकांना कळायला पाहिजे ना, आपण कुठून वर आलो."

"कुठून आलो? हितूनच आलो." तिनं फुंकणी खाली ठेवली. "मी इचारलं ते सांग. ठेवलं काय?"

"एकदा तरी ठेवलंच असेल. तुला आठवत नसेल."

मी असं म्हणाले. शिकलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले. तिनं माझ्याकडे वळून बघितलं.

"मंग पुस्तकातल्या आयेची पोर हो," म्हणाली, आणि चहा गाळायला घेतला. चहा दिला. भाकरी दिली. फाट्यापर्यंत सोडायला आली नाही, एवढंच.

त्यानंतर दर रविवारी मी गेले की ती मला ताटावर बसवायची. एका ताटात दोन माणसांचं वाढायची. तांदळाची भाकरी, वाल, सुकट, भात, वर परत भाकरी. आणि मी पहिला घास घेतला की दारात उभी राहून काकीला हाक मारायची.

"अगो, ये हिकडं. ही बघ जेवतेय. नीट बघून घे. परत म्हनशील."

काकी खरंच यायची. एकदा हात पुसत आली आणि म्हणाली, "बघितलं बाय, जेवतेय. सही कुठं करू?" दोघी हसल्या. मीही हसले, घास तोंडात तसाच. हे एकदा झालं असतं तर गंमत होती. पण ती दर रविवारी करायची. वाटेनं जाणाऱ्या माणसालाही थांबवायची.

मी तिचं सगळं लिहून काढायचं ठरवलं. म्हटलं, नीट विचारून लिहू, तिचा जन्म, माहेर, बाबा, पत्रावळी. मोबाईल काढून समोर ठेवायची. ती मोबाईलकडे बघायची आणि पानं खुडायला लागायची.

"सांग ना आये. लहानपणी काय काय केलंस?"

"तुज्याकडं हाय की लिवलेलं."

"ते माझं होतं."

"त्यात मी पन होते. तांब्या घेऊन."

आधी ती न विचारता सांगायची. कुठल्या साली कुठला बांध फुटला, बाबांनी मुंबईहून पहिल्यांदा काय आणलं, मी जन्मले तेव्हा सुईणीनं काय म्हटलं. त्या वेळी मी अर्धं ऐकायची, पुस्तकात बोट घालून. आता पुस्तक बाजूला ठेवून, हातात मोबाईल घेऊन बसले तर ती पाऊसपाण्याचं बोलायची.

गणपतीला भाऊ आला. वीर स्टेशनवरून रिक्षानं बिरवाडीला आला, माझ्या खोलीवर चहाला थांबला, तिथून आम्ही दोघं पुढे जाणार होतो. स्मरणिका त्यानं वाचली होती. मी विचारलं, "तुला आठवते का रे ती सांज?"

"आठवते ना. तू रुसलेलीस."

"कशाला?"

"अगं ताय, रोज टाकल्याची भाजी म्हणून. आयेनं भाकरी केलेली, पीठ एकाच भाकरीचं होतं. अर्धी तुला, चतकोर मला. तू मोठी म्हणून तुला जास्त, म्हणून मी रडलो पन. आणि फणसाच्या आठळ्या होत्या उकडलेल्या, मीठ लावून. नि टाकल्याची भाजी. तू ताट ढकललंस नि भिंतीकडं तोंड करून झोपलीस. तुज्या वाटच्या आठळ्या मी खाल्ल्या. आयेनं मारलं मला त्याच्यासाठी. म्हणाली, ती उठंल तेव्हा काय देऊ?"

"आणि उरलेला चतकोर?"

"टोपलीत. कुठं जातोय?"

मी कप खाली ठेवला. भिंत आठवत होती, पोटातली ओढ आठवत होती. ताट ढकललेलं एवढंच मी विसरले होते. मी विचारलं, "मग आईनं काय खाल्लं?"

 "नाय आठवत," म्हणाला. "आपन बघितलंच नाय कधी, ती काय खाते ते."

त्याच दिवशी मी मंडळाच्या सेक्रेटरींना फोन लावला. म्हटलं, लेखात चूक आहे, दुरुस्ती छापा. ते म्हणाले, "ताई, स्मरणिका वाटून झाल्या. लोकांना एवढं आवडलं, आता कशाला? पाहिजे तर पुढच्या पूजेला दोन शब्द बोला." मी ते आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती खूश होईल.

"परत भोंग्यावर?" ती म्हणाली. "नको. एकदा झाली तेवढी शोभा पुरे. मी मेल्यावर काय वाचायचं ते वाच."

"आये, मी रुसले होते. भावानं सांगितलं. चुकलं माझं."

"हां," ती म्हणाली.

"त्या सांजेला तू काय खाल्लंस?"

"आता कशाला पायजे ते तुला? परत लिवायला?"

तीन वर्षं अशीच गेली. मग पावसाळा संपता संपता तिला घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात. तिनं कुणाला सांगितलं नाही. काकीनं मला फोन केला, "तुजी आय ताटावर बसते नि उठते. मला म्हनते, जेवले. पन मला नाय वाटत." महाडला दाखवलं, तिथून मुंबईला. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती बरीच पुढे गेलेली. भावाच्या घरी दीड महिना राहून ती म्हणाली, मला डोंगर दिसतील तिथं न्या. मी तिला बिरवाडीला माझ्या खोलीवर आणलं. वाडीचा चढ तिला चढवणार नव्हता.

मी पहिली पाळी मागून घेतली. सकाळी निघताना पेज करून ठेवायची, शेजारीण दुपारी द्यायची, तीननंतर मी. तांदूळ पातळ शिजवून, गाळून, कोमट करून, चमच्यानं. चार चमचे जात, पाचवा परत येई. मी पाचवा घेऊन बसून राहायची. ती मान हलवायची. मी म्हणायची, "आये, एकच." ती तोंड उघडायची, माझ्यासाठी, आणि ते परत यायचं, आणि मी तिचं तोंड पुसायची. प्रयोगशाळेत मी थेंब मोजणारी बाई; घरीही मोजायला लागले. आज तेरा चमचे. आज नऊ. एका वहीत लिहीत होते, डॉक्टरांना दाखवायला म्हणून.

एका दुपारी कामावरून आले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. केस विंचरून घेतलेले, शेजारणीकडून.

"तुजा मोबाईल चालू कर," म्हणाली.

"कशाला?"

"कर. मला बोलायचं हाय. लिवतात ते नको, माज्या आवाजात पायजे."

 मला वाटलं, आता सांगेल. माहेर, बाबा, ती सांज, सगळं. मी मोबाईल तिच्या तोंडाजवळ धरला. आवाज अगदी बारीक झाला होता तिचा.

"माजी पोरगी मला तीन टायमाला पेज देते," ती म्हणाली. "माज्या नरड्यातून जात नाय. जात नाय त्याला तिचा विलाज नाय. मी तिच्याकडं उपाशी नव्हते. कोन काय म्हनंल तर हे ऐकवायचं." मग थोडी थांबली. दम खाल्ला. "झालं. बंद कर."

"आये, तुझं सांग ना काहीतरी."

"हेच माजं."

"पहिल्यापासून सांग."

"दमले गो. आनि लिवलंस तर माजं नाव घालू नको. नाव घातलंस की परत टाल्या वाजवतील."

ते सगळं मिळून एक मिनिटही भरत नाही. त्यात मागे खालच्या रस्त्यावरून कंपनीची बस गेल्याचा आवाज आहे आणि शेवटी मी नाक ओढल्याचा.

अकरा दिवसांनी ती गेली. वाडीतल्या घरी दिवस केले. भेटायला येणाऱ्या बायका ओटीवर बसायच्या, विचारायच्या, कशानं गेली? मी सांगायची. एक लांबची नातेवाईक दुसरीला म्हणाली, मी आत होते हे तिला माहीत नव्हतं, "खानं बंद झालतं म्हनं. पोरीकडं होती ना." दुसरी म्हणाली, "पोरी कामावर जातात, कोन बघनार?" लोक हे बोलणार, ते आईला पंधरा-वीस दिवस आधीच ऐकू आलं होतं. मोबाईल माझ्या हातात होता. मी बाहेर गेले नाही.

पुढच्या मे महिन्यात मी सेक्रेटरींना सांगितलं, मला दोन शब्द बोलायचे आहेत. मी लिहून नेलं होतं. गुरुजींना दिलं नाही, स्वतः वाचलं. मांडवात तीच माणसं होती, थोडी कमी. मी वाचलं की चार वर्षांपूर्वी मी इथं जे छापलं ते खोटं होतं. त्या सांजेला आमच्या घरात एक भाकरी होती, उकडलेल्या आठळ्या होत्या, टाकळ्याची भाजी होती. मला अर्धी भाकरी वाढली होती आणि मी ताट ढकललं. चतकोर टोपलीत होता. आईनं आम्हाला कधीही उपाशी झोपवलं नाही. शेजारच्या घरानंही कधी पाठ फिरवली नव्हती, त्यांना मी विनाकारण बोल लावला. आईनं स्वतः त्या सांजेला काय खाल्लं ते मला माहीत नाही, आणि आता कळणार नाही.

कुणी चुकचुकलं नाही. मुंबईचे दोघे मोबाईल बघत होते. गुरुजींनी मान डोलावली आणि हळूच म्हणाले, "छान. आईवर प्रेम असावं तर असं." मी म्हटलं, "गुरुजी, प्रेमाचं नाही, झालं तेच सांगितलं." ते हसले, समजून घेतल्यासारखे.

मी खाली उतरले. काकी पुढच्याच रांगेत होती. तिनं माझा हात धरला. तिचे डोळे ओले होते, आणि ती रागानं काही बोलली नाही, मायेनंच बोलली.

"असू दे गो. आय गेली की सगल्यांच्याच टोपल्या भरलेल्या असतात."

"काकी, खरंच होता चतकोर. तू रोज येत होतीस की घरात. तू बघितला असशील."

"असंल," ती म्हणाली. "आता कोनाला आठवतंय?"

पर्समध्ये मोबाईल होता. त्यातला तिचा आवाज मी भोंग्याला लावू शकले असते. पण त्यात ती माझी बाजू मांडते. भाऊ मुंबईत होता; तिची बाजू मांडायला मांडवात माझ्याखेरीज कुणी नव्हतं, आणि माझा शब्द मीच आधी घालवून बसले होते.

काकीनं सरकून जागा केली. मी बसले. सेक्रेटरींनी माईक हातात घेतला आणि दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचं नाव पुकारलं.